जुन्या डोझरचं ट्रान्समिशन ऑइल रोज कमी होतंय, बेली प्लेटवर (मशीनच्या पोटाखालची लोखंडी प्लेट) तेल साचतंय. गळती कशी शोधावी?

बेली प्लेटवर तेल साचलं म्हणजे गळती तिथेच आहे असं नाही. ते वरून ओघळत येतं. प्लेट काढताना आधी जॅक आणि साखळीचा आधार द्या, चिखलाने ती खूप जड झालेली असते. मग सगळं डिझेलने धुऊन, कोरडं करून टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन 15-20 मिनिटं चालवा. पावडरीवरचा सर्वात वरचा ओला ठिपका, तोच उगम. गळती शोधताना होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) हात फिरवू नका, दाबाचं तेल कातडीत घुसू शकतं; पुठ्ठा धरा.

सील मागवण्याआधी ब्रीदर (ट्रान्समिशन केसमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) बघा. तो मातीने बुजला की केसमध्ये दाब चढतो आणि चांगलं सीलही गळतं. नवं टाकलं तरी पुन्हा तीच रड. सील बदलायचंच असेल तर शाफ्टवरून नख फिरवा. खाचेत अडकलं तर स्लीव्ह (झिजलेल्या शाफ्टवर चढवायची पातळ धातूची नळी) बसवल्याशिवाय उपयोग नाही.

बाहेर सगळं कोरडं, तरी तेल घटतंय? रेडिएटर थंड झाल्यावर झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर बहुधा ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) फुटलाय. नसेल तर फ्लायव्हील हाउसिंगचा (इंजिनच्या मागच्या जड चाकाचं कवच) खालचा प्लग काढा. काळं तेल आलं तर इंजिनचं मागचं सील, स्वच्छ आलं तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरकडचं (इंजिनची ताकद ट्रान्समिशनला देणारा भाग).