घाटावरचा डोंगा आणि कडेची पांढरी रेघ

मी वैनगंगेकाठचा. नोकरीची बहुतेक वर्षं कोकणात जेट्ट्या आणि प्रवासी बोटींच्या देखभालीत गेली, आता गावी परतलोय. विदर्भातून आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतो. त्यातला पहिला सगळ्यांत निकडीचा, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

प्रश्न (चामोर्शी तालुका): हिवाळ्यात आम्ही बाया मिरची तोडायला नदीपल्याड जातो. पूल लांब पडतो, म्हणून डोंग्यानंच जातो. किती जणी बसायच्या हे नावाडी सांगेल ते खरं मानायचं का?

ताई, नावाडी कितीही जाणता असला तरी सकाळच्या घाईत "या, एक जण अजून मावते" असं त्याच्या तोंडून निघतंच. मजुरी बुडेल म्हणून तुम्हीही चढता. म्हणून मोजमाप आधीच नावेवर काढून ठेवायला हवं.

हिशोब सोपा आहे. नावेचा पाण्याला टेकलेला भाग 6 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद धरला, तर 60 किलोचं एक माणूस चढलं की नाव 1 सेंटिमीटर खाली जाते. दहा बायांनी 10 सेंटिमीटर. 120 किलोची मोटारसायकल चढवली की आणखी 2. टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या डोंग्याचा पाण्यावरचा पसारा याहून कमी असतो, त्यामुळे तो जास्तच बसतो.

नाव रिकामी असताना दोन्ही बाजूंना, काठापासून एक वीत खाली, पांढऱ्या ऑइलपेंटची ठळक रेघ ओढून घ्या. माणसं बसल्यावर रेघ पाण्याखाली गेली, की शेवटी चढलेल्यानं उतरायचं आणि दुसऱ्या फेरीला यायचं. वाऱ्याच्या दिवशी पाणी रेघेच्या चार बोटं खाली असतानाच थांबायचं. गेल्या पौषात मी एका डोंग्यातून पलीकडे गेलो. शेजारच्या आजीनं काठ धरला होता आणि तिची बोटं पाण्यात भिजत होती. ती निवांत बसली होती, रोजची सवय! मला मात्र पलीकडचा काठ येईपर्यंत धड श्वास घेता आला नाही.

बसायचं ते तळाला, उभं राहायचं नाही. काठ जवळ आला की सगळ्या एका अंगाला सरकतात, तिथंच नाव कलंडते. तळात साचलेलं पाणीही कललेल्या बाजूला धावतं, म्हणून ते निघायच्या आधी उपसून टाका. पाण्यात तरंगवणारी लाइफ जाकिटं गोणीत बांधून ठेवली असतील तर ती नसल्यासारखीच. काठावरच घालून पट्टे आवळा.

गणपूर (रै) जवळ जानेवारी 2024 मध्ये मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याआधी 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत 11 जण गेले. रेघ ओढायला एक डबा रंग लागतो. या आठवड्यातच ओढा.

प्रश्न (पवनी तालुका): गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये माझी नाव चालते. आता तिला इंजिन बसवलंय. कागदपत्रं लागतात का? मेरीटाईम बोर्ड तर मुंबईला, इथं आमचा वाली कोण?

भाऊ, इंजिन बसवलं तिथंच तुमची गोष्ट बदलली. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नावेला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. वल्ह्याच्या नावेसाठी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर साधी नोंद करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड 1996 चं, त्याचं मुख्य काम किनाऱ्यावरच्या 48 लहान बंदरांचं. तुम्ही सुरुवात तहसील कार्यालयापासून करा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

ज्या घाटाचा ठेका लिलावानं जातो, तिथं पैसे घेणाऱ्यानंच उतरायच्या पायऱ्या, दोर आणि जाकिटांचं बघावं, असं माझं ठाम मत आहे. ग्रामसभेत हे मांडा आणि ठरावात लिहून घ्या.

इंजिनाचं वजन मागच्या टोकाला येतं, तेव्हा आधीची रेघ असेल तर ती पुसून नव्यानं काढा. धरणाच्या खालच्या घाटांवर तुमचे सोयरे असतील तर त्यांनाही सांगा: 33 दरवाज्यांतून विसर्ग वाढवण्याचा इशारा आला की नाव नुसती बांधून भागत नाही, उंचावर ओढून ठेवावी लागते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीचा पूर सगळ्यांना आठवत असेल.

प्रश्न (सेलू तालुका, वर्धा): सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट म्हणतात. पाण्याशिवाय बंदर कसं?

बंदरात जहाजाला माल लागायच्या आधी बरंच काम कागदांचं असतं: कस्टमची तपासणी, कंटेनर भरणं, सील करणं. ते काम इथं उरकलं की सीलबंद कंटेनर रेल्वेनं सुमारे 800 किलोमीटरवर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात जातो. शेतकऱ्याला याचा थेट फायदा तेव्हाच, जेव्हा गटानं किंवा जिनिंगवाल्यानं कंटेनरभर माल एकत्र केला. एकट्याच्या कापसाच्या चार गाठींना कंटेनर मिळत नाही.

प्रश्न (अहेरी तालुका): आजोबा सांगायचे की इंग्रज देवलमरीपर्यंत जहाजं आणणार होते. खरं का?

खरं आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. 1860 च्या दशकात वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून काकिनाड्याच्या समुद्राला न्यायची योजना होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे: दुम्मुगुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा प्राणहितेतला देवलमरीचा. त्यांना वळसा घालायला कालवे आणि दरवाजे बांधायचे होते. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईला जाऊ लागला. नदीत पुरेसं पाणी वर्षातले काही महिनेच, त्यात खर्च वाढत गेला. 1871 मध्ये काम सोडून दिलं.

2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले, त्यात वैनगंगा-प्राणहितेचा क्रमांक 109 आणि पैनगंगा-वर्धेचा 78. खडकही तेच, उन्हाळ्यातलं पाणीही तेवढंच. माल नेणारी जहाजं येतील तेव्हा येवोत. रोज पलीकडे जाणाऱ्यांसाठी आधी पायऱ्या आणि घाटावर दिवा हवा.

देवलमरीला जायचं तर एप्रिलमध्ये जा. पाणी उतरलं की आजोबांच्या गोष्टीतला खडक डोळ्यांनी दिसतो.