उत्तर: पोर्टलमधून मुलगा येतो, त्याचे क्रेडिट्स मागेच राहतात

तुमची पोस्ट वाचली. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं एमएस संपवून अभ्यासाला कडक अशा एका खासगी विद्यापीठाच्या फुटबॉल टीममध्ये (अमेरिकन फुटबॉल, इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो) रिक्रूटिंगचं काम मिळालंय, हेड कोच म्हणतात "पोर्टलमधून माणसं आणा" (पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आणि विद्यापीठाची ऑफिसं म्हणतात "बघू". वाचताना पोटात गोळाच आला. अशाच एका ठिकाणी मी बरीच वर्षं याच कामात काढली आहेत. नाव घेत नाही, तिथल्या काही लोकांशी अजून बोलणं असतं.

आठवड्याला सरावाची २० तासांची मर्यादा, स्टडी हॉल (खेळाडूंचे सक्तीचे अभ्यासाचे तास), लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी येणं यावर मी लिहीत बसणार नाही. त्रास खरा आहे, पण त्यातून वाट निघते. एमआयटीत संध्याकाळी ५ ते ७ क्लासच ठेवत नाहीत. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर कोच पहाटे मैदानावर बोलावतो. मुलं कुरकुर करतात आणि येतात. हायस्कूलच्या मुलांचंही फार मनावर घेऊ नका. एनसीएएला (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) हायस्कूलचे १६ कोअर, म्हणजे मुख्य विषय आणि त्यात २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) पुरतो, तुमच्या ऍडमिशनवाल्यांना तो पुरणार नाही, हे एव्हाना कळलंच असेल. यादी आखूड होते, एवढंच. पण ती वर्ष-दोन वर्षं आधी तयार असते, त्यामुळे काम करायला वेळ मिळतो.

पोर्टलमध्ये तो वेळच मिळत नाही. आणि तिथे तुमची गाठ ऍडमिशनशी कमी, बाहेरचे क्रेडिट्स (पास केलेल्या विषयांचे पदवीत धरले जाणारे एकक) तपासणाऱ्या ऑफिसशी जास्त पडणार आहे. सगळ्यात मोठी किंमत मी तिथेच मोजली.

गणित असं. खेळायची परवानगी राहायला दुसरं वर्ष संपताना खेळाडूची पदवी ४० टक्के झालेली हवी, तिसरं संपताना ६० आणि चौथं संपताना ८०. आता ही टक्केवारी *तुमच्या* विद्यापीठाच्या पदवीची धरतात, तो जिथून आला तिथली नाही. समजा पदवी १२० क्रेडिट्सची आहे आणि मुलगा दोन वर्षांत ६० करून आला. तिकडे तो अगदी वेळेवर होता. तुमच्या ऑफिसने त्यातले ३६ धरले, की तो ३० टक्क्यांवर आला. मार्क कितीही चांगले असोत, शनिवारी सामन्याला तो साध्या कपड्यांत साइडलाइनला उभा. आणि ३६च का धरले? कारण तो बिझनेस शिकत होता. स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न अशा ठिकाणी पदवीला बिझनेस हा मुख्य विषयच (मेजर) नाही. मग ते विषय बसवायचे कुठे?

आमच्याकडे पोर्टलमधून एक लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) आला. हुशार, नीट बोलणारा, ग्रेड्स आमच्या निम्म्या टीमपेक्षा बऱ्या. त्या ऑफिसने फोनवर सांगितलं, "अडचण दिसत नाही." लेखी मागितलं तर म्हणे प्रवेश झाल्याशिवाय आम्ही लेखी देत नाही. मुलगा जानेवारीत आला. प्रत्येक विषयाचा सिलॅबस मागवला, तो दिला. तो संबंधित विभागाच्या प्राध्यापकांकडे जातो म्हणाले. प्राध्यापक परिषदेला, मग मिडटर्म, मग कुणीतरी सब्बॅटिकलवर (लांब अभ्यासरजेवर). विचारलं की एकच उत्तर: प्रक्रिया चालू आहे. निकाल आला तेव्हा दोन विषय कमी पडत होते. उन्हाळ्यात दोन विषय करून ते सहज भरले असते, पण तोवर समर टर्मची नोंदणी बंद झाली होती! पूर्ण सीझन गेला. त्याच्या आईला फोन मी केला, त्या ऑफिसमधल्या कुणी नाही.

माझी तक्रार नकाराची नाही, हे नीट वाचा. पहिल्या पंधरा दिवसांत "हे दोन विषय धरणार नाही" असं म्हणाले असते तर मी त्यांना चहा पाजला असता. उशीर हाच तिथे निर्णय असतो, आणि त्यावर कुणाची सही नसते. तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या पोस्टखाली दोघातिघांनी लिहिलंय की मग खेळाडूंना सूट द्या, आपल्याकडे दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतातच की. मला हे अजिबात पटत नाही. मुलगा त्या पदवीसाठीच येतो, ती स्वस्त केलीत तर तुमच्याकडे विकायला काय उरलं? स्टॅनफर्डचं बघा. २००७ मध्ये कोच जिम हार्बॉच्या टीमने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) त्यांच्याच घरी २४-२३ हरवलं, पुढे त्यांच्यानंतरचे कोच डेव्हिड शॉ यांनी दोन रोझ बोल (सीझनअखेरचा मानाचा सामना) जिंकले, आणि २०२२ मध्ये ३ विजय, ९ पराभव अशा सीझननंतर त्यांनी राजीनामा दिला. या काळात तिथला अभ्यास काही एकाएकी कठीण झाला नाही. बाकी सगळीकडे बदली सोपी झाली: २०१८ मध्ये पोर्टल आलं, २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर न खेळता बसावं लागेना, २०२४ पासून कितीही वेळा बदला. (दुखापती वगैरे इतर कारणंही होती. हे माझं मत आहे, कुणाचा अहवाल नाही.) उलट व्हँडरबिल्टने २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) पाविया न्यू मेक्सिको स्टेटमधून बदलून आलेला होता. म्हणजे कडक विद्यापीठातही बाहेरचा मुलगा येऊन खेळू शकतो. ऑफिसं जागी हवीत.

तर मी तुमच्या जागी असतो तर कॅम्पस व्हिजिटच्या आधी अंदाजे क्रेडिट-तपासणी लेखी मागितली असती, आणि मिळत नसेल तर हेड कोचला स्पष्ट सांगितलं असतं की या मुलाला "तू खेळशील" असा शब्द देऊ नका. डीनच्या मागे लागू नका, फाइल ज्यांच्या टेबलावर असते त्या बाईंशी ओळख ठेवा, तीही काम नसताना. पदवी झालेले खेळाडू बघा, त्यांना ४०-६०-८० चा जाच नाही. फक्त मास्टर्सचा प्रवेश विभागाच्या हातात असतो आणि काही विभागांच्या तारखा सीझन संपायच्या आत निघून जातात.

हे सगळं माझ्या काळचं धरून चाला. २०२५ च्या हाउस खटल्याच्या (खेळाडूंना पैसे देण्यावरून झालेल्या खटल्याच्या) तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांत ८५ स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन टीममध्ये जास्तीत जास्त १०५ जणांची मर्यादा आली, पैशाचे नियम बदलले, अजून बदलतील. कम्प्लायन्सला (नियमपालन बघणाऱ्या ऑफिसला) विचारल्याशिवाय माझ्या शब्दावर काही करू नका. व्हिसाबद्दल तर मला विचारूच नका, वकील गाठा.

आणि एक, सिलॅबसचं. मुलाने जुनं विद्यापीठ सोडलं की तिथलं लॉगिन कधी बंद होईल याचा नेम नाही, आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या स्टॅटिस्टिक्सचा सिलॅबस कुणी शोधून देत नाही. पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आधीच सगळ्या विषयांच्या पीडीएफ उतरवून ठेव, हे तुमच्या ओळखीच्या हायस्कूल कोचना आत्ताच सांगून ठेवा. त्यांच्या जुन्या पोरांपर्यंत निरोप तेच पोचवतात, कारण त्या पोरांचं नाव पोर्टलमध्ये येईपर्यंत तुम्हाला त्यांच्याशी बोलता येणार नाही.