१२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव कोणते? अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून ८१ ने भाग जातो का?

भाग जातो, पण तुम्ही दिलेल्या कारणाने नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी नेहमी १ उरते, म्हणून ती चालते. २७ किंवा ८१ ला तसं होत नाही. १८९९ घ्या: अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागल्यावर बाकी ९.

या संख्येकडे १७ अंकी संख्या म्हणून बघूच नका. ती १११११११११ चा वर्ग आहे. उभा गुणाकार मांडा: रकान्यांच्या बेरजा १, २, ३ करत मधे ९ पर्यंत चढतात आणि परत उतरतात, हातचा कुठेच येत नाही. (दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.) नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि त्याच्या वर्गाला ८१ ने. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' म्हणणारे देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर, १, १२१, १२३२१ ही माळही त्यांच्याच डेम्लो संख्यांमधली.

आता अवयव. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

खरी मेहनत ३३३६६७ मूळ आहे हे दाखवण्यात आहे. वर्गमूळ ५७७.६ च्या आसपास, म्हणजे एरवी शंभरावर मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. पण समजा मूळ संख्या p ने ३३३६६७ ला भाग जातो. मग १०⁹ − १ लाही जातो (ती १११११११११ ची ९ पट), म्हणजे १० चा p शी क्रम (१० च्या ज्या सर्वात लहान घाताला p ने भागल्यावर बाकी १ उरते, तो घातांक) ९ चा विभाजक: १, ३ किंवा ९. क्रम १ किंवा ३ असेल तर p ने ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे p = ३ किंवा ३७. इथे अंकांची बेरीज २८, म्हणून ३ नाही; ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, म्हणून ३७ ही नाही. राहिला क्रम ९. क्रमाने p − १ ला नेहमी भाग जातो (फर्माचं छोटं प्रमेय), म्हणून p − १ ला ९ ने भाग जातो, आणि p विषम असल्यामुळे १८ नेही. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या, ३७ वगळून, सोळाच: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकानेही भाग जात नाही. १९ ला बाकी ८ उरते, ५७७ ला १६१. हे हातानेच करून बघा, अर्ध्या पानात बसतं.

घातांकांत एकेक मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे हा आकडा विषमच येणार.

पडताळा कॉम्प्युटरवर घेणार असाल तर जपून. एक्सेल १५ च अंक जपतं, म्हणून शेवटचे दोन शून्य होतात. जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्या २⁵³ पर्यंतच नेमक्या राहतात; ही त्याहून मोठी, त्यामुळे शेवटी २१ ऐवजी २० दिसतं आणि विषम संख्येला २ ने भाग जायला लागतो. पायथॉनचे पूर्णांक नेमके असतात, पण तिथेही भाग जातो का हे % ने (बाकी देणारं चिन्ह) तपासा. / वापरून २ ने भागलंत तर शेवटचा अर्धा गळून ६१७२८३९४९३८२७१६०.० असं उत्तर येतं.