मेळाव्यात ओळखीचे कोणी भेटले तर?

रोजगार मेळाव्याचे फलक लागले की सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच: इतक्या वर्षांच्या खंडानंतर, आपल्या मुलांच्या वयाच्या उमेदवारांमध्ये रांगेत उभे असताना ओळखीचे कोणी भेटले, तर काय सांगायचे? एका ताईंच्या अनुभवाच्या आधारे मी याचे उत्तर देणार आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचे वय ४१, राहणे नाशिकच्या सिडकोत. लग्नापूर्वी त्यांनी सातपूरच्या एका व्यापाऱ्याकडे तीन वर्षे हिशेबाचे काम केले होते. २००८ मध्ये ते सुटले. पती अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार असून त्यांचा ओव्हरटाइम बंद झाल्याने घराचे गणित बिघडले होते. त्याच सुमारास जवळच्या वाचनालयाच्या सभागृहात विनामूल्य मेळावा ठरला: एका बाजूला नोकरी देणाऱ्यांची टेबले, दुसऱ्या बाजूला शासकीय योजना, प्रशिक्षण, विधी साहाय्य आणि आरोग्य यांची माहिती. ताईंनी फलकाचा फोटो मला दाखवला आणि लगेच म्हणाल्या, "मॅडम, फुकटच्या मेळाव्यात आपल्यासारख्यांना कोण विचारतंय?"

पहिली चूक माझी झाली. मी त्यांना बायोडाटा लिहून आणायला सांगितले. दोन आठवडे त्या रिकाम्या हाताने आल्या, आणि अडचण कागदाची नाही हे माझ्या उशिरा लक्षात आले. तिसऱ्या भेटीत मी विचारले, "ताई, तुम्ही त्या सभागृहात उभ्या आहात असे समजा. समोर कोण दिसते?" उत्तर तत्काळ आले. "आमच्या गल्लीतला मुलगा दिसतो. आणि गटातल्या बायका. त्यांना हिशेब मी शिकवते, मॅडम, आणि मीच नोकरी मागायला उभी?"

गटाचा उल्लेख त्यांनी आमच्या बोलण्यात प्रथमच केला होता. ताई अकरा महिलांच्या बचत गटाच्या सचिव होत्या. इतिवृत्त, जमाखर्च, अंतर्गत कर्जाची नोंद आणि प्रत्येकीचे पासबुक त्या नऊ वर्षे सांभाळत होत्या, आणि तरीही 'सध्या काय करता' या प्रश्नावर त्यांचे उत्तर 'काही नाही, घरीच' असे होते. ज्या कामामुळे वस्तीत त्यांना मान होता, ते काम त्यांच्या लेखी काम नव्हते आणि तो मान मात्र रांगेत उभे राहिल्याने जाईल अशी भीती होती. अशी भीती टाळण्याने वाढते, कारण न जाण्याचा निर्णय घेताच जी सुटका वाटते तीच पुढच्या वेळी घराबाहेर पडणे अधिक अवघड करते.

'फुकट' या शब्दाबद्दलही आम्ही बोललो. नाशिकला वाचनालयाची सवय जुनी आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला आपण गरजू म्हणत नाही. त्याच इमारतीत नोकरीची चौकशी करणाऱ्याला तरी का म्हणावे, असे मी विचारल्यावर ताई हसल्या. पण पटले असे काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही.

त्यांच्या भीतीचा एक भाग खराही होता आणि तो गोड बोलून झाकणे मला अप्रामाणिक वाटले. त्यांनी काम सोडले तेव्हा व्हॅट होता. जुलै २०१७ पासून जीएसटी आला, बिले आणि विवरणपत्रे बदलली. त्यामुळे 'तुम्हाला सगळे येते' असे सांगण्याऐवजी 'नोंदींची शिस्त आहे, जीएसटी शिकायचा आहे' असे एक वाक्य आम्ही ठरवले आणि ते मोठ्याने म्हणून पाहिले. मेळाव्याआधी दोनदा त्यांनी केवळ वाचनालयात जाऊन अर्धा तास बसून यायचे, आणि मेळाव्याच्या दिवशी नोकरी मिळवायची नाही, फक्त तीन टेबलांवर तीन प्रश्न विचारायचे, इतकेच काम ठेवले. प्रश्न असे: पगार ठरलेला आहे की कमिशनवर? नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची? पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू आहे का? शेवटचा प्रश्न त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता, कारण दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि योजनेत येणाऱ्या कामगाराच्या कुटुंबालाही ईएसआयचे उपचार मिळतात. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हाती द्यायची नाहीत आणि नोंदणी किंवा अनामत म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून उठायचे, हेही मी बजावले.

मेळाव्यात गल्लीतला तो मुलगा खरोखरच भेटला. नोंदणीच्या रांगेत तो त्यांच्या पुढेच उभा होता आणि मागे वळून त्याने विचारले ते इतकेच: "काकू, पेन आहे का?" ताईंनी पेन दिले. ते परत मिळाले नाही, ही त्यांची तक्रार मी दोन भेटींत ऐकली.

नोकरीच्या टेबलांवर त्यांची निराशा झाली, हे लिहायला हवे. बहुतेकांना तिशीच्या आतले उमेदवार हवे होते, आणि ज्यांनी वय विचारले नाही त्यांची कामे विक्रीची, निव्वळ कमिशनवरची होती. ठरवलेला पहिलाच प्रश्न तिथे उपयोगी पडला. खरा लाभ दुसऱ्या बाजूला झाला. कौशल्य विकास केंद्राच्या टेबलावर त्यांची शासनाच्या महास्वयम संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदणी झाली आणि संगणकीय हिशेबाच्या वर्गाची माहिती मिळाली. प्रथम वर्षानंतर सुटलेले वाणिज्य शाखेचे शिक्षण नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून रोज महाविद्यालयात न जाता घेता येते, हेही तिथे कळले. विधी साहाय्याच्या टेबलावर त्या स्वतःसाठी गेल्या नव्हत्या. गटातल्या एकीच्या पोटगीचा प्रश्न त्यांनी विचारला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हे त्यांनी लिहून घेतले. (पेन शेजारच्या बाईंकडून मागून घेतले होते.) पुढच्या भेटीत मला हे सांगताना त्यांचा आवाज सचिवांचा होता, उमेदवाराचा नव्हता.

बायोडाटा त्यानंतर एका बैठकीत तयार झाला. २००८ पुढची रिकामी जागा आम्ही लपवली नाही. तिथे गटाच्या हिशेबाची नऊ वर्षे लिहिली. संगणकाच्या वर्गाचे दोन महिने झाल्यावर त्यांना एका किराणा वितरकाकडे बिले नोंदवण्याचे अर्धवेळ काम मिळाले, तेही मेळाव्यातून नव्हे, वर्गातल्या ओळखीतून. पगार बेताचा आहे आणि ईएसआय नाही, हे त्या स्वतःच पहिल्यांदा सांगतात.

सिन्नरला सासूबाईंना त्यांनी अद्याप काहीच कळवलेले नाही. 'दुपारी फोन का उचलत नाहीस' या प्रश्नाला त्या सध्या शिवणाच्या वर्गाचे कारण देतात. हा विषय आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवला आहे.