वाचक विचारतात : कार्बन फायबरची जेट-स्की घरच्या शेडमध्ये

प्रश्न : माझ्याकडे उभ्याने चालवायची जुनी यामाहा सुपरजेट आहे, ७०१ सीसी टू-स्ट्रोक. इंजिन आणि पंप ठणठणीत आहेत, पण हल (मशीनचा बाहेरचा ढाचा) खडकावर आपटून नाकापासून चिरलाय. तोच आकार कार्बन फायबरमध्ये करायचा तर सुरुवात कुठून करू? थर किती, माल किती लागेल? आणि वेग किती वाढेल?
– वाचक, मालवण

उत्तर : वेगाचं आधी सांगतो, म्हणजे खर्चाचा विचार करता येईल. टॉप स्पीड फारसा वाढणार नाही. तो इंजिन, इम्पेलर (पंपातलं फिरणारं पातं) आणि तळाचा आकार यांवर ठरतो. हलमध्ये पंधरा-वीस किलो वाचले तरी चालवणाऱ्यासकट एकूण वजन दोनशे किलोच्या वर असतं, त्यामुळे फरक जाणवतो तो उठावात, उडीत आणि वळणावर. कार्बन घ्यायचा तो ताठरपणासाठी. लाटेवर आपटून तळ लवला की इंजिन आणि पंप यांची रेष क्षणभर हलते आणि कपलरचं (दोघांना जोडणाऱ्या सांध्याचं) रबर खाल्लं जातं. माल टाकताना तळ, पंपाची जागा आणि इंजिनखालचा भाग यांवर हात सैल सोडा. हूड (इंजिनवरचं झाकण) साध्या काचेच्या कापडाचं केलंत तरी काही बिघडत नाही.

जुना हल लगेच तोडू नका. इंजिन आणि पंप जागेवर असतानाच जाड लोखंडी पट्ट्यांचा जिग (मापं धरून ठेवणारा सांगाडा) वेल्ड करून घ्या. इंजिन माउंटची चारही भोकं, पंपाचे बोल्ट आणि ड्राइव्हशाफ्टची मधली रेष त्यात पक्की झाली पाहिजे. बहुतेक घरगुती हल इथेच फसतात: बाहेरून आरशासारखे चकचकीत, पण शाफ्ट दोन मिलिमीटर तिरका.

त्यानंतर चीर भरून, घासून, पॉलिश करून त्याच हलवर साचा काढा. तळ आणि डेक (वरचा भाग) यांचे साचे वेगळे. साच्याला व्हिनाइलएस्टर किंवा टूलिंग इपॉक्सी रेझिन (कालवल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) वापरा, कारण पुढे त्यातच हल तापवायचा आहे. साधा पॉलिएस्टरचा साचा ६० अंशांना वाकडा होतो. मेणाचे किमान सहा हात, प्रत्येक हातानंतर पुरेसा वेळ देऊन. असा साचा काढणं स्वतःच्या वापरापुरतंच ठीक आहे. कंपनीचा आकार काढून विकणं ही नक्कल झाली.

सुपरजेटची लांबी २.२४ मीटर, रुंदी ०.६८ मीटर. तळ आणि बाजू उलगडल्या की साधारण ३ चौरस मीटर होतात, डेक तेवढाच. तळासाठी बाहेरून आत असा क्रम ठेवा: २०० ग्रॅमचं (दर चौरस मीटरला) टू-बाय-टू ट्विल विणीचं कापड, ४०० ग्रॅमचं तिरप्या तंतूंचं (±४५ अंश) बायअ‍ॅक्सियल दोन थर, ५ मि.मी. पीव्हीसी फोम (घनता ८० ते १०० किलो प्रति घनमीटर, खाचा आणि भोकं पाडलेला), पुन्हा ४०० चा एक आणि २०० चा एक थर. डेकला २००, ४००, फोम, ४०० पुरे. नाक, मधला कणा आणि पंपाचा भाग यांत फोम नको. तिथे ४०० चे दोन-तीन थर जास्त टाका. इंजिन माउंटखाली फोम राहिला तर बोल्ट आवळताना तो चेपतो आणि महिन्याभरात माउंट सैल होतात. तिथे जी-टेनची (काचेचं कापड आणि इपॉक्सी यांच्या कडक पाटीची) १० मि.मी. पट्टी बसवा.

कापड साधारण ९ ते १० किलो होईल. कापणीत १५ ते २० टक्के वाया जातं, ते यात धरलेलं नाही. थर साच्यात कोरडे रचायचे, वर प्लास्टिकची बॅग लावून पंपाने हवा ओढायची आणि त्या ओढीने रेझिन आत घ्यायचं, याला इन्फ्युजन म्हणतात. रेझिन १२ किलो आणा: सहा-सात किलो थरांत जातं, दीड-दोन जाळी, नळ्या आणि फोमच्या खाचांत, बाकीचं जोडकामाला आणि चुकांना. एका भांड्यात एक किलोपेक्षा जास्त कालवू नका. बादलीभर कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं धुमसतं. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर काम पुढे ढकला. हार्डनर हवेतलं पाणी खेचतो, वर तेलकट साय धरते आणि त्यावर दुसरा थर बसत नाही.

तळ आणि डेक जोडताना कडेला ३० ते ४० मि.मी. रुंद ओठ ठेवा. दोन्ही बाजू ८० नंबरच्या कागदाने घासा आणि घट्ट केलेलं इपॉक्सी किंवा मेथाक्रिलेट गोंद एक-दोन मिलिमीटर जाडीचा राहील एवढंच क्लॅम्प आवळा. जास्त आवळलं की गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो.

कार्बनची धूळ वीज वाहून नेते. घासताना बॅटरी, सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवा, तोंडाला पी-टू दर्जाचा मास्क बांधा. हलसुद्धा वीज वाहतो, म्हणून स्टार्टरची केबल त्यावर घासणार नाही अशी रबरी क्लिपमध्ये अडकवा.

प्रश्न : इन्फ्युजनचा सराव म्हणून ६० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा केला. एका कोपऱ्यात कापड कोरडं राहिलं आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके आले. व्हॅक्युम गेज २७.५ इंचांच्या वर जातच नाही. पंप बदलू का?
– वाचक, पुणे

उत्तर : पंप बदलू नका. समुद्रसपाटीला हवेचा दाब २९.९ इंच पाऱ्याइतका असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथे तो मुळातच २८ च्या आसपास. म्हणजे तुमचा गेज जवळजवळ पूर्ण निर्वात दाखवतोय. आकड्यापेक्षा गळती तपासा: पंपाची नळी चिमट्याने बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा तसूभरही हलला नाही तर बॅग घट्ट आहे. हलला तर सीलंट टेपच्या घड्यांपाशी कान लावा, बारीक शीळ ऐकू येते.

ठिपके बहुधा रेझिनमधल्या हवेचे आहेत. कालवल्यावर भांडं व्हॅक्युम चेंबरमध्ये दहा मिनिटं ठेवा. फेस चढून बसला की आत सोडा. रेझिन मात्र इन्फ्युजनचंच पातळ हवं, २०० ते ४०० सेंटिपॉइजचं (हे घट्टपणाचं माप). हाताने लावायचं जाड रेझिन चालत नाही. फोम उघड्यावर पडून ओला झाला असेल तर तोही बुडबुडे सोडतो.

कोरड्या कोपऱ्याचं कारण वेगळं आहे. कापडाच्या कडेला फट राहिली की रेझिन तिथून पळत पुढे जातं आणि सक्शनच्या नळीशी आधी पोचतं, मागे कोपरा उपाशी. इन्फ्युजनची जाळी कापडाच्या कडेपासून ३ सेंटिमीटर आत ठेवा, म्हणजे टोकाशी रेझिनचा वेग मंदावतो. हलच्या आतल्या कोपऱ्यांत आणखी एक भानगड होते: बॅग ताणलेली असेल तर कापड कोपऱ्यात न टेकता पुलासारखं वर राहतं आणि खाली नुसतं रेझिन साचतं. ते काचेसारखं तडकतं. अशा प्रत्येक कोपऱ्यावर बॅगेची मोठी चुणी सोडा. संपताना आधी रेझिनची नळी बंद करायची, पंप मात्र रेझिन घट्ट होईपर्यंत चालू.

प्रश्न : तयार कार्बन हलवर अ‍ॅल्युमिनियमच्या माउंट प्लेट लावल्या. एका मोसमातच रंगाखाली फोड आले, आत पांढरी पूड, दोन बोल्ट अडकून तुटले. माल हलका निघाला का?
– वाचक, वास्को

उत्तर : मालाचा दोष नसावा. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. कार्बनचं क्षेत्र मोठं आणि प्लेट लहान, त्यामुळे ती फार लवकर खलास होते. आतल्या प्लेटला झिंकचा तुकडा लावून उपयोग नाही. तो कायम त्याच पाण्यात बुडालेला असेल तरच काम करतो.

प्लेट काढा, खालचा भाग घासा आणि २०० ग्रॅम काचेच्या कापडाचा एक थर इपॉक्सीत बसवा, प्लेटच्या चारी बाजूंना २५ मि.मी. बाहेर येईल असा. भोकं मोठी करून घट्ट इपॉक्सीने भरा आणि मग पुन्हा पाडा, म्हणजे बोल्टला कुठेच फायबर लागणार नाही. बोल्टला नायलॉनची नळी आणि वॉशर, खाली पॉलियुरेथेन सीलंट. ३१६ स्टील चालतं, पण सीलंटशिवाय फटीत तेही खड्डे धरतं. परवडत असेल तर टायटॅनियम. शेवटी मल्टिमीटर लावा: एक टोक प्लेटला, दुसरं कार्बनला, तेही जिथे वरचं रेझिन खरवडून काळे तंतू उघडे केलेत तिथे. दोन्हींत वीज वाहत नसेल तरच काम नीट झालं. नुसत्या चकचकीत पृष्ठभागावर टोक ठेवलं तर मीटर नेहमीच ‘सगळं ठीक’ म्हणेल.

प्रश्न : इथल्या उन्हात नव्या हलवर विणकामाची नक्षी उठून दिसायला लागली आणि एका बाजूचा सांधा किंचित सरकलाय. रेझिन सात दिवस सुकवलं होतं.
– वाचक, मस्कत

उत्तर : खोलीच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी बहुतेक ५० ते ६० अंशांना मऊ पडायला लागतं आणि उन्हातला काळा हल ७० च्या पुढे सहज जातो. सात दिवस काय, सात महिने सुकवलं तरी तेच. हल साच्यात असतानाच तापवायला हवा होता: तासाला १० अंशांनी चढवत ६० पर्यंत, तिथे आठ तास, मग तितक्याच सावकाश खाली. अधिक उष्णता सोसणारं रेझिन असेल तर त्याच्या पत्रकाप्रमाणे ८० पर्यंत. रॉकवूलच्या पाट्यांची पेटी आणि पंख्याचा हीटर पुरतो. थर्मामीटर हवेत नको, हलला चिकटवा.

आता सांधा उघडून नव्याने चिकटवा, हल लाकडी आधारावर नीट टेकवून तापवा, मग घासून यूव्ही रोखणारं टू-के (दोन भागांचं) पॉलियुरेथेन क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, मारा. आधी क्लिअर मारून नंतर तापवलंत तर नक्षी पुन्हा उठेल.

प्रश्न : नवा हल पाण्यात टाकला. थ्रॉटल दिला की आरपीएम चढतो, पण मशीन पुढे जात नाही. – वाचक, अलिबाग

उत्तर : पंपात हवा शिरतेय. पंपाचं तोंड आणि हल यांच्यामधली फट, मग राइड प्लेटची (पंपाखालच्या पाटीची) कड, या क्रमाने बघा आणि सीलंट भरा. नंतर इम्पेलर आणि वेअर रिंग (त्याभोवतीचं कडं) यांतली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, ०.६ मि.मी. च्या पुढे असेल तर रिंग बदला.

प्रश्न : तरंगण्यासाठी आत काय भरू? नोंदणी लागते का? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन भागांचा क्लोज्ड-सेल पॉलियुरेथेन फोम, घनता ३२ किलो प्रति घनमीटर. ४० लिटर फोम सुमारे ३८ किलो उचलून धरतो. पाच-सहा हप्त्यांत ओता, एकदम ओतलात तर फुगून बाजू बाहेर ढकलेल. थर्माकोल नको, पेट्रोलचा ओघळ लागला की विरघळतो. नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात करा, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. इंजिनाची मूळ कागदपत्रं आणि इंजिन क्रमांकाचा फोटो सोबत न्या.