सासूबाईंचं मनगट मोडलं, आता डेक्सा करायची का?

प्रश्न : सासूबाई ६८ च्या आहेत. ओट्याजवळ सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या न् उजवं मनगट मोडलं. डॉक्टर डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करा म्हणतायत, पण त्या म्हणतात मी रोज ग्लासभर दूध पिते, कमाटीबागेत फिरते, मला काय धाड भरलीय! थायरॉइडच्या गोळीबरोबरच सकाळी कॅल्शियमची पण देते, चालतं ना?
– एक सून, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही चालत, आधी त्या गोळ्या वेगळ्या करा. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, मध्ये ४ तास तरी जाऊ द्यायचे, म्हणजे सरळ दुपारच्या जेवणाबरोबरच द्या ना. आणि डेक्सा कराच, उभ्याउभ्या पडून हाड मोडलं तर ते ठिसूळ झालंय का हे बघायलाच हवं, तपासणीत नुसतं पडून राहायचं असतं, दुखत वगैरे काही नाही. त्यात हाडांच्या घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, मग नुसत्या दुधावर भागत नाही, औषध लागतं. तसंही एका ग्लासात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम, त्यांना दिवसाला लागतं १२००, तेव्हा नाचणीची भाकरी, तीळ, दही पण हवं (कढी गोड केलीत तरी आमची हरकत नाही!). ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. फिरणं चालू ठेवा, पण पायात ताकद यायला खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायला लावा, सुरुवातीला कुणीतरी जवळ उभं राहून. आणि बाथरूममध्ये धरायला दांडी याच आठवड्यात बसवून घ्या.