कुठल्या काळात जन्माला यायचं?

प्रिय चिऊ,

तुझा प्रश्न आजीने काल फोनवर वाचून दाखवला. कोणत्या काळात जगायला आवडेल, असं बाईंनी वर्गात विचारलं आणि बहुतेक सगळे हात शिवाजी महाराजांच्या काळासाठी वर गेले. तुझं म्हणणं, "आई, आपल्याकडे सगळे हेच का म्हणतात? आणि तू कोणता काळ निवडशील?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तूच दर दिवाळीत चाळीच्या अंगणात मातीने लिंपतेस. दगड रचायचे, हळीव पेरायचं, वर महाराज आणि पायथ्याशी मावळे. धड वाचता येत नसतं तेव्हापासून आपण त्या काळात राहायला लागतो. शिवाय तो काळ नुसत्या लढायांचा नाही. चिपळूणकडच्या आपल्या फौजेला महाराजांनी ताकीद दिली होती, की कुणब्यांचं धान्य, भाजी ओरबाडू नका. त्याच पत्रात असंही आहे, की रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताची गंजी पेटेल. एवढ्या मोठ्या राजाला गंजीची काळजी! आपलं गाव त्याच बाजूचं, म्हणून मला हे पत्र फार जवळचं वाटतं.

तरी मी निवडीन १८८४ ते १८९४ ची मुंबई. कारण काळ निवडायचा तर आपण त्यात कोण म्हणून जन्मणार, हेही बघावं लागतं. आपण गिरणगावातली माणसं, आणि त्यातून बाई. त्या दहा वर्षांत आपल्यासारख्यांनी तोंड उघडलं.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव लक्षात ठेव. ते जोतिराव फुल्यांचे सहकारी, मुंबईतून 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवायचे. १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या बघ: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, यंत्रात हात गेला तर भरपाई. तोवर लोक पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबायचे. लढा सहा वर्षं चालला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, आणि तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. मला त्या गर्दीत उभं राहायचंय. उन्हात, पुढे जाऊन, त्या दोघी काय बोलतात ते कान देऊन ऐकायचंय.

दुसरी रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलेलं. मोठी झाल्यावर ती म्हणाली, हे लग्न मी माझ्या मनाने केलेलं नाही, मी नांदायला जाणार नाही. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा ठोकला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, तो पुढे फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. त्या वेळी एका मुलीने हे म्हणायचं म्हणजे काय, विचार कर! वर्तमानपत्रांनी तिला सोडलं नाही. टिळकांच्या 'केसरी'नेही विरोधात लिहिलं. टिळकांना आपल्या घरात मानतात, मीही मानते, पण या एका गोष्टीत मी पूर्णपणे रखमाबाईच्या बाजूची आहे. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी ती डॉक्टरकी शिकायला इथे, लंडनला आली. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी तिला मदत केली. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन ती परतली आणि तिने सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांची सेवा केली. मी ब्लूम्सबरीतून जाते तेव्हा ती याच भागात शिकायला येत असेल, थंडीत शाल लपेटून, असं मनात येतं.

आता तू म्हणशील, तेव्हा फ्रीज नव्हता, पंखा नव्हता. नव्हतेच. आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यातच पुढच्या वर्षी लोखंडे गेले. तो काळ सुखाचा होता असं मी अजिबात म्हणत नाही.

महाराजांचा काळ निवडणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना हेही सांग, की जोतिरावांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा लिहिला, आणि त्यात ते कष्टकऱ्यांचे राजे आहेत. म्हणजे लोखंड्यांच्या आधीच्या पिढीतही आजच्यासारखेच हात वर जात होते.

बाईंना निबंध द्यायचाय ना? मग काळ तुझा तू निवड, माझा उचलू नकोस. पण त्यात तू कोण असशील, कुठे राहशील, सकाळी उठून काय काम करशील, हे मला आधी कळव. आजीला तिचा काळ विचार आणि तोही लिहून पाठव.

तुझी,
आई